सात महिने ‘इलियड’: वीर शोधायला घेतलं, सापडलं ते असं

खरेदीचं कारण आधी सांगतो. गप्पांच्या ओघात मी छातीठोकपणे म्हणून गेलो होतो की जुन्या महाकाव्यातला वीर म्हणजे अंगात बळ, मनात भीती नाही आणि शेवटी जय ठरलेला. समोरच्याने शांतपणे विचारलं, ‘इलियड वाचलंस का?’ म्हणजे होमरचं प्राचीन ग्रीक महाकाव्य, ट्रॉय नगरीला वेढा घालून बसलेले ग्रीक आणि आतले ट्रोजन यांच्या युद्धाचं. वाचलं नव्हतं. त्याच आठवड्यात गद्य अनुवाद मागवला.

वापरायची पद्धत अशी: दर रविवारी रात्री एक सर्ग, शक्यतो मोठ्याने. सर्ग २४, मूळ ग्रीक ओळी १५ हजारांच्या वर. साडेपाच महिन्यांत संपायला हवं होतं. पण दुसऱ्या सर्गात जहाजांची यादी येते. २९ तुकड्या, हजारावर जहाजं, कुठल्या तुकडीचा म्होरक्या कोण आणि कुठल्या गावचा. तिथे पुस्तक जे मिटलं ते पाच आठवडे उघडलं नाही. तुम्ही यादी सरळ ओलांडा. पुढे त्यातली माणसं मरायला लागली की मागे येऊन बघा. मी तसंच केलं, आणि तेव्हा ती यादी कंटाळवाणी वाटली नाही.

वेष्टणावर जे चित्र असेल असं आपण धरून चालतो, ते आत नाही. लाकडी घोडा नाही. ट्रॉय पडत नाही. ग्रीकांचा मुख्य वीर अकिलीस, त्याच्या टाचेतला बाणही नाही. आईने त्याला पाताळातल्या स्टिक्स नदीत बुडवलं आणि टाच सोडून त्याचं अंग अभेद्य झालं, ही गोष्ट आपल्याला मिळते ती फार नंतरच्या, इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या रोमन कवी स्टेशियसकडे. होमरच्या अकिलीसची कातडी तुमच्याआमच्यासारखीच आहे. एकविसाव्या सर्गात भाला कोपराजवळ चाटून जातो आणि रक्त येतं. आधी मी हे तक्रारीच्या वहीत टिपलं होतं. नंतर खोडलं.

पहिला महिना निराशेचा गेला. काव्याचा पहिलाच शब्द ‘क्रोध’. ग्रीकांचा सेनापती राजा अगमेम्नॉन अकिलीसच्या वाट्याला आलेली बंदिवान स्त्री, ब्रायसिस, काढून घेतो आणि ग्रीकांचा सर्वश्रेष्ठ योद्धा कोपभवनात जाऊन बसतो. एवढ्यावर भागत नाही. देवी असलेल्या आईकरवी देवांचा राजा झ्यूस याला गळ घालतो, की आता ट्रोजनांना जिंकू दे, माझ्याच बाजूची माणसं मरू देत, म्हणजे माझी किंमत कळेल. तेव्हा परीक्षण लिहिलं असतं तर एक तारा दिला असता, तोही अनुवादाला.

या रुसण्यामागचा हिशेब कळायला बाराव्या सर्गापर्यंत थांबावं लागलं. तिथे ट्रोजनांच्या बाजूने लढणारा लिशिया देशाचा राजा सार्पेडॉन आपल्या सोबत्याला, ग्लॉकसला विचारतो: लिशियात आपल्याला मानाचं आसन, मांसाचा उत्तम वाटा, भरलेले पेले, नदीकाठची जमीन कशासाठी मिळते? मग पुढच्या फळीत उभं राहायला नको? इथवर सरळ देणंघेणं आहे. मानपान घेतला तर जोखीमही घ्यायची. पण लगेच तो वेगळंच बोलतो. या युद्धातून वाचून आपण कायमचे तरुण आणि अमर राहणार असतो, तर मी पुढे लढलो नसतो आणि तुलाही पाठवलं नसतं. मरण कुठूनतरी येणारच आहे, म्हणून चल.

त्या रात्री पुढचं वाचलं नाही. पाचवा सर्ग परत काढला. तिथे युद्धाचा देव एरीज, झ्यूसचा मुलगा, एका माणसाच्या, ग्रीक योद्धा डायोमिडीजच्या, भाल्याने जखमी होतो, नऊ-दहा हजार माणसांनी आरोळी ठोकावी तसा ओरडतो, बापाकडे जाऊन रडगाणं गातो. औषध लागतं, आंघोळ होते, आणि स्वारी पुन्हा ऐटीत झ्यूसच्या शेजारी. पहिल्या वेळी मी नुसता हसलो होतो. आता लक्षात आलं की माझ्या व्याख्येत चपखल बसणारे या काव्यात हेच आहेत. बळ अफाट, हार कायमची कधीच नाही. आणि हेच वीर होऊ शकत नाहीत, कारण त्यांचं काही जातच नाही. गमावण्यासारखं ज्याच्याकडे आहे, त्यालाच तिथे प्रवेश.

सगळ्यात जास्त वापरलेला सर्ग नववा. त्याची पानं सुटायला आली आहेत. अगमेम्नॉन नमतो. दहा टॅलेंट (जुनं ग्रीक वजन) सोनं, वीस हंडे, बारा घोडे, सात नगरं आणि ब्रायसिस परत, असं देऊ करतो. अकिलीस नाही म्हणतो. भित्र्याला आणि शूराला मान सारखाच, असं त्याचं म्हणणं. गुरंढोरं लुटून आणता येतात, पण दातांच्या कुंपणाबाहेर गेलेला जीव परत आणता येत नाही. आईने त्याला दोन वाटा सांगितल्या आहेत: इथे लढलास तर परतणं नाही पण कीर्ती अक्षय, घरी गेलास तर कीर्ती नाही पण आयुष्य मोठं. आणि हा चक्क घरी जायचं बोलतो! कीर्तीसाठी इथे ‘क्लेऑस’ हा शब्द आहे, म्हणजे कानांवर येतं ते. संस्कृत ‘श्रवस्’ त्याच मुळाचा. होमरची ‘अक्षय कीर्ती’ आणि ऋग्वेदातलं ‘अक्षित श्रवस्’ यांची जोडी आडालबर्ट कून या जर्मन पंडिताने १८५३ मध्ये दाखवून दिली. म्हणजे ही कल्पना होमरच्याही आधीची असावी. होमरने केलं काय, तर तिच्यावर शंका घेणारा माणूसच मधोमध आणून ठेवला.

अकिलीस शेवटी लढायला उठतो तो सोन्यासाठी नाही. त्याचा जिवलग मित्र पॅट्रोक्लस ट्रोजन राजपुत्र हेक्टरच्या हातून मारला जातो म्हणून. छावे हिरावलेल्या सिंहासारखा तो आक्रोश करतो, असं अठरावा सर्ग म्हणतो. मेसोपोटेमियातल्या गिल्गमेशच्या त्याहून जुन्या काव्यात मित्र एन्किडूच्या शवापाशी गिल्गमेश जवळजवळ असाच, पिल्लं गमावलेल्या सिंहिणीसारखा, येरझाऱ्या घालतो. ही जुळणी वाचून मी उगीचच उठून पाणी प्यायलो.

विशेषणांबद्दल बऱ्याच जणांची कुरकुर असते. ‘चपळ पायांचा अकिलीस’ बसलेला असला तरी चपळ पायांचाच. मिलमन पॅरी या अमेरिकन अभ्यासकाने १९३० च्या दशकात युगोस्लाव्हियात जाऊन तोंडी महाकाव्यं गाणारे गायक ध्वनिमुद्रित केले, आणि ही ठरीव विशेषणं वृत्तात बसणारे तयार ठोकळे आहेत हा त्याचा मुद्दा त्यातून पक्का झाला. पटतं. पण बाविसाव्या सर्गात हेक्टर पळतो, ट्रॉयला तीन फेऱ्या होतात, आणि चपळ पायांच्या अकिलीसला तो सापडत नाही, स्वप्नात धावावं तसं. तिथे तो ठोकळा बरोबर दुखऱ्या जागी बसतो.

हेक्टर भीतीने पळतो, हे पुन्हा सांगतो, कारण माझ्या व्याख्येत ‘मनात भीती नाही’ असं होतं. तो थांबतो तेही भाऊ मदतीला आलाय असं वाटून. अथेना देवीने फसवलं, शेजारी कुणी नाही, हे कळल्यावर मात्र तो तलवार उपसून पुढे येतो, आणि अकिलीसच्या हातून मरतो.

आता खटकलेलं. दुसऱ्या सर्गातल्या थर्साइटीज या ग्रीक सैनिकाचं प्रकरण मला अजून पचलेलं नाही. अगमेम्नॉनबद्दल तो बोलतो ते बरंचसं अकिलीसचंच म्हणणं. पण हा कुरूप आणि बिनमानाचा, म्हणून पाठीत राजदंड, वर सगळे हसतात. जखमांची वर्णनंही अति होतात. तरी त्यातच चौथ्या सर्गातला सिमोइसियस भेटतो. नदीकाठी जन्मलेला पोरगा, पॉप्लरच्या झाडासारखा कोसळतो, आणि आईबापांचं वाढवल्याचं ऋण फेडायचं राहून जातं. तीन-चार मिनिटांत आला आणि गेला.

शेवटच्या सर्गात हेक्टरचा बाप, ट्रॉयचा म्हातारा राजा प्रायम, मुलाचं शव मागायला रात्री अकिलीसच्या तंबूत येतो आणि आपल्या मुलांना मारणाऱ्या हातांचं चुंबन घेतो. दोघेही रडतात, एक हेक्टरसाठी, दुसरा आपल्या बापासाठी आणि पॅट्रोक्लससाठी. मग अकिलीस त्याला जेवायला लावतो आणि अगदी व्यवहारी प्रश्न विचारतो: अंत्यविधीला किती दिवस लागतील, तेवढं युद्ध थांबवतो. प्रायम मोजून सांगतो. नऊ दिवस शोक, दहाव्या दिवशी अंत्यसंस्कार, अकराव्याला वर ढिगारा, आणि बाराव्याला लढू, लढावंच लागलं तर.

अकिलीस म्हणतो, ठीक. काव्य अकराव्या दिवशी संपतं. पुढच्या रविवारी सवयीने पुस्तक उघडलं, तर मागे फक्त नावांची सूची होती.