बोहरी आळीतील वर्षभराची भेटखरेदी : वाणाला सोयीची, आहेराला नव्हे

संक्रांतीच्या आधीच्या आठवड्यात वाण आणायला पुण्याच्या तुळशीबागेत गेलेल्या कोणालाही ठाऊक असते की, त्या दिवसांत तेथे भाव ठरवणे दूरच, दुकानासमोर उभे राहायला जागा मिळणेही कठीण होते. आमच्याकडे संक्रांत ते रथसप्तमी या काळातील हळदीकुंकवाला दरवर्षी चाळीस-पंचेचाळीस बायका येतात. त्याखेरीज बारशी, मुंजी, वास्तुशांती आणि मुलांच्या वाढदिवसांची देणीघेणी वर्षभर चालूच असतात. या सगळ्याची खरेदी ऐनवेळी न करता सवडीने, घाऊक भावात करून ठेवावी, असे ठरवून मी तीन वर्षांपूर्वी रविवार पेठेतील बोहरी आळीत जाऊ लागले. या बाजारात पैसे वाचतात का, आणि वाचत असतील तर नेमके कशावर, एवढेच येथे सांगायचे आहे.

आळीचा मुख्य व्यवहार डझनावर चालतो. प्लॅस्टिकचे डबे, पर्स, इमिटेशन दागिने, पूजेच्या छोट्या वस्तू, लेखनसाहित्य, वेष्टनाचे कागद आणि कापडी पिशव्या अशा मालाची दुकाने एकमेकांना खेटून आहेत आणि त्यांतील बहुतेकांना एक नग मागणारे गिऱ्हाईक नको असते. एकच हवा म्हटल्यास किरकोळीचा भाव सांगितला जातो, आणि तो आपल्या घराजवळच्या दुकानापेक्षा फारसा कमी नसतो. म्हणून येथे जाताना ‘काहीतरी छान दिसले तर घेऊ’ या विचाराने जाऊ नये. किती नग लागणार हा आकडा आधी हातात असावा. भांड्यांच्या दुकानांत स्टीलचा माल अनेकदा किलोच्या भावाने मिळतो. तेव्हा जड आणि हलक्या वाटीत रुपयांचा फरक पडतो, हे तराजूसमोर उभे राहिल्यावर लगेच कळते.

वेळ निवडणे हा यातील सर्वांत फायद्याचा भाग आहे. रथसप्तमी उलटली की वाणासाठी भरलेला माल दुकानदारांना अंगावर ठेवायचा नसतो, आणि फेब्रुवारीत मला जी सूट न मागता मिळाली ती जानेवारीत घासाघीस करूनही मिळाली नव्हती. दुसरा चांगला काळ आषाढातला, कारण चातुर्मास लागला की लग्नमुहूर्त थांबतात आणि भांड्यांच्या दुकानातील माणसे आपल्याशी निवांतपणे बोलतात. पावसात त्या अरुंद गल्लीतून जड पिशव्या घेऊन बाहेर पडणे मात्र त्रासाचे आहे. स्वतःची गाडी नेण्याचा विचारही करू नये. सप्टेंबर 2024 मध्ये जिल्हा न्यायालय ते स्वारगेट ही भुयारी मेट्रो सुरू झाल्यापासून कसबा पेठ किंवा मंडई स्थानकावर उतरून चालत जाता येते, आणि येताना ओझे असेल तर रिक्षा करावी.

हिशोब सांगायचा तर, स्टीलच्या झाकणाच्या लहान डब्या मी चार डझन घेतल्या, नगाला 28 रुपये पडले. तशीच डबी जानेवारीत आमच्या भागातल्या दुकानात 45 रुपयांना होती. 48 डब्यांवर 816 रुपये वाचले, त्यांतून रिक्षाचे 150 वजा केल्यास 666 रुपये. रक्कम डोळे दिपवणारी नाही, पण खरी आहे. याउलट त्याच दिवशी मोहात पडून घेतलेल्या दोन डझन सुगंधी मेणबत्त्यांचा वास दिवाळीपर्यंत पूर्ण उडाला, आणि त्या कोणाला देण्याजोग्या उरल्या नाहीत. सुकामेव्याचे सजवलेले डबे आणि अत्तरे यांचाही साठा मी आता करत नाही.

स्टील घेताना विक्रेता लोहचुंबक लावून दाखवतो आणि चिकटले नाही म्हणजे माल उत्तम, असे सांगतो. ही परीक्षा अपुरी आहे. 304 प्रतीच्या स्टीलला चुंबक सहसा चिकटत नाही हे खरे, पण निकेल कमी आणि मँगनीज जास्त असलेल्या 202 प्रतीच्या स्टीललाही तो चिकटत नाही, आणि मीठ किंवा आंबट पदार्थ ठेवल्यास दुसऱ्यावर डाग लवकर पडतात. हळदीकुंकवाच्या डबीला 202 चालते. लोणच्याची बरणी म्हणून भेट द्यायची असेल तर प्रत स्पष्ट विचारून घ्यावी आणि पक्क्या बिलावर लिहून मागावी. पक्के बिल मागितल्यावर एका दुकानातील चेहरे पडले होते, ही नोंद करून ठेवते.

तांब्याच्या वस्तूंसाठी मी बोहरी आळी सोडून कसबा पेठेतील तांबट आळीत जाते. तेथील मठारकामाची, म्हणजे हातोडीने ठोके देऊन घडवलेली भांडी यंत्रावरच्या भांड्यांपेक्षा महाग असतात, पण आधी पाहून ठेवलेली वस्तू सावकाश घेण्याचा लाभ येथेही मिळतो. अधिक मासाचे उदाहरण यासाठी चोख आहे. जावयाला 33 अनारशांसोबत तांब्याचे ताम्हन किंवा दिवा देण्याची रीत अनेक घरांत आहे, आणि 2026 चा अधिक ज्येष्ठ 17 मे ते 15 जून असल्याचे पंचांगात फार आधी कळते. तरीही बहुतेक लोक तो महिना सुरू झाल्यावरच दुकानात शिरतात. आम्ही ताम्हन थंडीतच आणले. साठवताना ते कोरड्या सुती कापडात गुंडाळावे. रबरबँड लावू नये, कारण त्याखाली तांब्यावर काळा पट्टा उमटतो, हे मी एक ताम्हन खराब करून शिकले.

आहेराच्या बाबतीत मात्र ही पद्धत माझ्या मते फसते. भाचीच्या लग्नाला द्यायची साडी दोन वर्षे कपाटात राहिली तर जरीच्या घड्या झिजतात, आणि तोपर्यंत भाचीची आवडही बदललेली असते. ज्या भेटीत माणूस नेमका कोण आहे हे महत्त्वाचे असते, ती भेट त्या माणसासाठीच, त्या वेळी घ्यावी. डझनात मिळणारी वस्तू डझनाच्याच प्रसंगाला शोभते, शिवाय घरात साठा आहे म्हणून भलत्या माणसाला भलतेच देण्याची सवय लागते.

शेवटची सूचना भांड्यावर नाव घालण्याविषयी. दुकानदार हौसेने आणि बहुधा फुकट नाव कोरून देतो, पण साठ्याच्या वस्तूंवर तारीख किंवा सण मुळीच घालू नये. मी पहिल्या वर्षी सर्व डब्यांवर नावासोबत ‘संक्रांत 2024’ असे कोरून घेतले. हळदीकुंकवाला अपेक्षेपेक्षा कमी बायका आल्या, आणि उरलेल्या सात डब्यांत आता आमच्याच स्वयंपाकघरातील जिरे, मोहरी, मेथ्या आणि हळद भरलेली आहे.