महाल ते झिरो माईल: वॉक चांगला, घाई फार

नागपूरच्या लकडगंजात माझा जुन्या सागवानाचा धंदा आहे. पाडलेल्या वाड्यांच्या तुळया, खांब, चौकटी मी विकत घेतो. तेव्हा महाल ही जुनी वस्ती मला दुसऱ्याने दाखवायची अन् त्याचे वर साडेतीनशे रुपये घ्यायचे, हे काही पटत नव्हतं. पोरीने हेरिटेज वॉकचं बुकिंग करून टाकलं, म्हणून गेलो.

सकाळी साडेसहाला गांधी गेटपासून सुरुवात. हा मूळचा जुम्मा दरवाजा. गोंड राजा चांदसुलतानाने शहराला तीन मैलांचा कोट घातला होता, तो गेला. दरवाजा तेवढा गर्दीत उभा आहे. गाईड पोरगा तयारीचा होता. त्याचा मुख्य मुद्दा आवडला: नागपुरात नवा सत्ताधारी जुन्याचं गाव मोडत बसला नाही, बाजूला सरकून आपलं बांधत गेला. बख्त बुलंद शहाने 1702 च्या सुमारास बारा वस्त्या जोडून शहर वसवलं, भोसल्यांनी तिथेच बाजूला महाल थाटला. 1817 च्या सीताबर्डीच्या लढाईनंतर टेकडी इंग्रजांकडे गेली, 1861 ला मध्य प्रांताची राजधानी इथे आली अन् टेकडीपलीकडे पश्चिमेला सिव्हिल लाइन्स ही साहेबांची वस्ती वाढली. भोसल्यांचा मोठा वाडा 1864 च्या आगीत गेला, नगारखाना उरला, हेही त्याने न विचारता सांगितलं.

पण जिथे थांबायचं तिथे पठ्ठ्या थांबला नाही. एका गल्लीत खासगी वाड्याचं दार आहे. गणेशपट्टीवर, म्हणजे चौकटीच्या वरच्या आडव्या पट्टीवर, कमळं कोरलेली, त्यावर हिरव्या ऑइलपेंटचे थरावर थर. कमळाच्या पाकळ्या नखाने चाचपूनच कळतात. खांब दगडी तळखड्यावर, म्हणजे बुडाच्या दगडी बैठकीवर, ओल लाकडात चढू नये म्हणून. त्याच खांबाला आता विजेचं मीटर ठोकलंय. राजवाड्यात जे कोरलं जाई, ते दरबारातला माणूस आपल्या दारावर उतरवणारच. सत्ता गल्लीत कशी शिरते ते इथे दिसतं, अन् आम्ही सेल्फी काढून पुढे!

पुढचा पल्ला ई-रिक्षाने. हायकोर्ट बाहेरूनच पाहिलं. इमारत 1940 ला खुली झाली, म्हणजे इंग्रजांना जायला सातच वर्षं उरली होती. वास्तुविशारद हेन्री मेड नवी दिल्लीच्या बांधकामात मुरलेला. घुमट पाहिला की ते सांगावं लागत नाही.

विधानभवनापाशी मात्र गाईड गुळमुळीत बोलला. 1956 ला मध्य प्रदेशाची राजधानी इथून भोपाळला गेली, इमारती राहिल्या. आता हिवाळी अधिवेशन आलं की आजूबाजूच्या रस्त्यांना डांबर अन् दुभाजकांना रंग. बाप्पा, हेच तर सांगायचं होतं! झिरो माईल म्हणजे अंतरं मोजायचा इंग्रजांचा खांब, त्याच्या चार दगडी घोड्यांजवळ मेट्रोचं उंच स्टेशन उभं आहे. आताची सत्ता पश्चिमेला सरकत नाही, वर चढते. त्यावरही एक अक्षर नाही.

पाचपैकी साडेतीन. पोहे-चहा पैशात धरलेला आहे, पोह्यांवरची तर्री (तिखट रस्सा) बेताची. वीस जणांत मागच्यांना ऐकू येत नाही, पुढे राहा. अधिवेशनाच्या दिवसांत जाऊ नका, बॅरिकेडला वळसे घालण्यातच वेळ जातो. सीताबर्डी किल्ला लष्कराकडे असल्याने खालूनच दाखवतात. 26 जानेवारी, 1 मे अन् 15 ऑगस्टला तो लोकांना उघडतात, तेव्हा स्वतःच जाऊन या.