लाखाचा लॅपटॉप कुणी घ्यावा, कुणी घेऊ नये

दुकानातला माहितीचा कागद समोर ठेवला, तर महागडा लॅपटॉप बहुतेक वेळा हरतो. मार्च २०२५मध्ये आलेला, एम४ चिपचा अ‍ॅपलचा मॅकबुक एअर भारतात ९९,९०० रुपयांपासून सुरू झाला. त्यात १६ जीबी रॅम आणि २५६ जीबी स्टोरेज. तेवढीच रॅम आणि दुप्पट स्टोरेज देणारे विंडोज लॅपटॉप जवळजवळ निम्म्या किमतीत मिळायचे. तरी लोक लाख रुपये देतात. काहीजण नावासाठी देतात, हे खरंच. पण बरेचसे पैसे कागदावर न छापलेल्या गोष्टींचे असतात.

पहिली गोष्ट स्क्रीन. 'फुल एचडी' हे दोन शब्द वाचून आपण निश्चिंत होतो, पण स्वस्त लॅपटॉपच्या पडद्याचा उजेड बहुधा २५० निट्सच्या (निट म्हणजे पडद्याचा उजेड मोजायचं एकक) आसपास असतो आणि रंग फिकट. एअरचा उजेड ५०० निट्स. खिडकीशी बसून रोज सहा-सात तास वाचणाऱ्याला हा फरक पहिल्याच दिवशी कळतो.

दुसरी बिजागरी. माझा पहिला लॅपटॉप तिसऱ्या वर्षी गेला तो याच कारणाने. आतलं सगळं ठणठणीत होतं. स्वस्त बॉडीत बिजागरीचे स्क्रू प्लास्टिकमध्ये बसवलेल्या पितळी नटांत असतात. झाकण उघडमीट करून प्लास्टिक तडकतं, नट उपटून येतात. धातूच्या बॉडीत हे सहसा होत नाही. एअरमध्ये पंखाही नाही, त्यामुळे आवाज नाही आणि धूळ ओढली जात नाही.

आता दुसरी बाजू. एअरची रॅम नंतर वाढवता येत नाही, स्टोरेजही नाही. एम४ एअरमध्ये २५६च्या जागी ५१२ जीबी हवं असेल, तर वीस हजार जास्त लागायचे. ही रक्कम मला कधीच पटलेली नाही. शिवाय टॅलीप्राइम (हिशेबासाठी), सॉलिडवर्क्स (यंत्रांच्या डिझाइनसाठी), रेव्हिट (इमारतींच्या आराखड्यांसाठी) ही विंडोजसाठी बनलेली सॉफ्टवेअर्स, मॅकसाठी नाहीत. हिशेबनीस, मेकॅनिकलचे विद्यार्थी, आर्किटेक्ट यांनी आधी आपल्या सॉफ्टवेअरची यादी करावी, मग ब्रँडकडे बघावं.

आणि एक तिसरी वाट आहे, जी दुकानदार क्वचितच दाखवतो. एकाच कंपनीची दोन घराणी असतात. लेनोवोचा घरगुती आयडियापॅड वेगळा, ऑफिसांसाठीचा थिंकपॅड वेगळा. थिंकपॅड १९९२मध्ये आयबीएमने काढला, २००५मध्ये तो लेनोवोकडे गेला. डेलचं घरगुती इन्स्पिरॉन आणि ऑफिसांसाठीचं लॅटिट्यूडही तसंच होतं; २०२५मध्ये डेलने नव्या लॅपटॉपसाठी ही नावं बदलायला घेतली. थिंकपॅड, लॅटिट्यूडसारख्या ऑफिसांसाठी बनलेल्या यंत्रांचा कीबोर्ड आणि बांधणी दणकट असते. थिंकपॅडची तर दुरुस्तीची पुस्तिकाच कंपनी जाहीरपणे देते. ऑफिसांतून बाहेर पडलेले जुने थिंकपॅड बरेच स्वस्त मिळतात. मात्र इंटेलचा प्रोसेसर आठव्या पिढीच्या आधीचा असेल तर घेऊ नका. त्यावर विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही, आणि विंडोज १०चा नेहमीचा आधार, म्हणजे सुरक्षेचे अपडेट, १४ ऑक्टोबर २०२५ला संपला.

पाच-सहा वर्षं रोज वापरणार, सोबत घेऊन फिरणार आणि सॉफ्टवेअर आड येत नसेल, तर एअरला जास्त पैसे द्या. दहावी-बारावीच्या मुलासाठी मी पन्नास हजारांचाच घेईन आणि उरलेल्यातून चांगली खुर्ची आणीन. टॅलीवर पोट असेल, तर थिंकपॅड किंवा जुना लॅटिट्यूड.