स्वतः जोडलेलं चावीचं घड्याळ : 10 महिने वापरल्यानंतर

गेल्या दिवाळीनंतरच्या रविवारी, ठाण्यात नौपाड्यातल्या आमच्या घरी जेवणाच्या टेबलावर धुतलेली पांढरी चादर पसरून मी हे घड्याळ जोडलं. त्याला आता 10 महिने झाले. पावसाळ्यातले काही आठवडे सोडले तर ते रोज माझ्या हातावर आहे. घड्याळ जोडण्याची वर्णनं बहुतेक पहिल्या दिवशीच संपतात: काटे बसले, काच बसली, फोटो काढला. नंतर रोजच्या वापरात ते कसं चालतं हे मला पैसे घालण्याआधी वाचायचं होतं आणि कुठे सापडलं नाही. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आतलं मशीन सीगल या चिनी कंपनीचं एसटी 3600. चावी द्यायचं, 17 ज्वेलचं (ज्वेल म्हणजे चाकांच्या टोकांना घर्षण कमी करणारे कृत्रिम माणकाचे खडे), तासाला 21,600 ठोके. मूळ रचना स्विस युनिटास 6497 ची, म्हणजे खिशातल्या घड्याळाची. त्यामुळे सेकंदकाटा मध्यभागी नसून नऊच्या जागी वेगळ्या छोट्या वर्तुळात फिरतो. केस, म्हणजे बाहेरचं कवच, 42 मिमी स्टीलची, डायल सायीच्या रंगाची, काटे निळे, काच ॲक्रिलिकची, थोडी फुगीर. मला मशीन 4,200 रुपयांना पडलं, केस 3,600, डायल आणि काटे 2,300, चामड्याचा पट्टा 900. हत्यारांचे 6 हजार वेगळे. याच पैशात चांगलं तयार घड्याळ येतं, हे मान्य करूनच यात पडावं.

मला खरं तर बाबांच्या घड्याळासारखं घड्याळ हवं होतं. त्यांचं एचएमटी जनता आहे, डायलवर देवनागरीत ‘जनता’ लिहिलेलं. एचएमटीने 1961 मध्ये जपानच्या सिटिझनच्या सहकार्याने बंगळूरला घड्याळं बनवायला सुरुवात केली, आणि 2016 मध्ये केंद्र सरकारने ती घड्याळ कंपनी बंद करायला मंजुरी दिली. बाबांचं घड्याळ मात्र चालू आहे. सकाळी दूध तापत ठेवलं की ते ओट्याशी उभे राहून चावी देतात, आणि तो कर्रकर्र आवाज ही माझ्या लहानपणची सकाळ आहे. तो आवाज स्वतःच्या घड्याळात यावा, एवढ्यासाठी मी ऑटोमॅटिक (हाताच्या हालचालीने आपोआप चावी बसणारं) घेतलं नाही. या एका गोष्टीत मशीनने पूर्ण समाधान दिलं. चावीचा आवाज जनताहून भरदार आहे आणि बोटांना प्रत्येक दाता कळतो.

आकाराच्या बाबतीत मात्र निराशा झाली. मशीनच 36.6 मिमी व्यासाचं, त्यामुळे केस त्याहून बरीच मोठी लागते. चेहरा जुन्या वळणाचा आणि देह मोठा, असं ते दिसतं. माझं मनगट 15 सेमी आहे, केसचे पट्टा अडकवायचे कान मनगटाच्या कडेपर्यंत येतात. जुन्या घड्याळांचा तो बेताचा आकार हवा असेल तर सेकोच्या एनएच 35 या मशीनकडे बघा. ते 27.4 मिमीचं आहे, 36 मिमीच्या केसमध्ये बसतं. पण ते ऑटोमॅटिक, जाडी 5.32 मिमी, आणि एसटी 3600 ची 4.5. तरीही पहिल्या घड्याळासाठी मी मोठं मशीनच सुचवेन. भाग मोठे, स्क्रू मोठे, आणि मागच्या काचेतून बॅलन्स व्हील (मागेपुढे झुलून वेळ मोजणारं चाक) हलताना साध्या डोळ्यांनी दिसतं. काय कशामुळे चालतं हे माझ्या डोक्यात तिथेच बसलं.

जोडताना दोन ठिकाणी अडले. पहिलं, चावीची दांडी. ती काढायला एक छोटा स्क्रू साधारण एक फेराच सैल करायचा असतो. मी जास्त फिरवला आणि आतला खटका जागेवरून सुटला. दांडी पुन्हा बसेना. डायल उतरवून, त्याखालची छोटी पट्टी उचलून खटका परत जागेवर आणेपर्यंत संध्याकाळ झाली. एनएच 35 मध्ये नुसतं एक ठिपक्यासारखं बटण दाबायचं असतं, तिथे ही भीती नाही.

दुसरं, काटे. आधी तासकाटा, मग मिनिटकाटा, दोन्ही बरोबर बारावर, आणि शेवटी सेकंदकाटा. सेकंदकाट्याची नळी डोक्यावरच्या केसापेक्षा थोडीच जाड असेल. चिमट्याने उचलला की तो स्थिर विजेने चिमट्याला चिकटतो, सोडला की सरकतो. भिंगातून बघताना स्वतःच्या नाडीने हात हलतोय हे दिसतं. मी दोन्ही कोपरं टेबलावर टेकवली, श्वास सोडला आणि त्या रिकाम्या क्षणात काटा खुंटीवर ठेवला. तिसऱ्या वेळी बसला. मग घड्याळ डोळ्यांच्या पातळीवर आडवं धरून, उजेडाकडे करून, दोन्ही काट्यांमध्ये फट आहे का बघितलं आणि काटे पूर्ण 12 तास हाताने फिरवले. ही तपासणी चुकवू नका. काटे एकमेकांना घासत असले तर घड्याळ रोज ठरावीक वेळेला थांबतं आणि माणूस दोष मशीनमध्ये शोधत बसतो.

काच बसवल्यावर डायलवर धुळीचा एक कण दिसला. पुन्हा उघडलं. आमच्या गल्लीत गाड्यांची धूळ सतत असते, म्हणून दुसऱ्या वेळी पंखा बंद, खिडक्या बंद, फरशी ओल्या फडक्याने पुसून अर्धा तास थांबले. मग स्वच्छ बसलं.

आता वेळेबद्दल, कारण सगळे आधी तेच विचारतात. पहिल्या आठवड्यात ते दिवसाला 18 सेकंद पुढे जात होतं. फोनच्या माइकवर ठोके ऐकून वेग सांगणारी ॲप असतात, पण माझ्या फोनवर दर वेळी वेगळा आकडा यायचा. शेवटी जांभळी नाक्याजवळच्या आमच्या घड्याळजी काकांकडे गेले. त्यांच्याकडे टाइमग्राफर, म्हणजे ठोके ऐकून वेग मोजणारं यंत्र, आहे. त्यावर लिफ्ट अँगल (प्रत्येक ठोक्याला बॅलन्सला धक्का मिळतो तेवढा कोन) 44 अंशांवर ठेवावा लागतो (एनएच 35 साठी 53), नाहीतर बॅलन्स किती अंश झुलतोय तो आकडा चुकीचा येतो. काकांनी भिंग डोळ्याला लावून बराच वेळ आत बघितलं आणि विचारलं, “ताई, कुठे शिकलात?” मी म्हटलं, “काका, घरीच.” मग त्यांनी वेग कमी-जास्त करणारी रेग्युलेटरची पट्टी मला सरकवायला दिली. “ढकलू नका, नुसती टेकवा,” म्हणाले. केसभर हलली आणि 18 चे 4 झाले.

4 सेकंद हा आकडा मला अजूनही थक्क करतो. दिवसाचे 86,400 सेकंद. एखादं यंत्र 99.99 टक्के अचूक असलं तरी दिवसाला साडेआठ सेकंद चुकेल. इथे एक गुंडाळलेली पट्टी, काही चाकं आणि केसाएवढी बारीक स्प्रिंग त्याहून बरं काम करतात, सेकंदाला 6 ठोके, रात्रंदिवस. कोणाला हे कमी वाटत असेल तर सेलवर चालणारं घड्याळ उत्तम, पण माझ्या लेखी ही मोठी कारागिरी आहे.

वापरताना कळलेली एक उपयोगाची गोष्ट: घड्याळ कसं ठेवलंय त्यावर वेग बदलतो. माझं डायल वर करून ठेवलं तर रात्रीत 2 सेकंद पुढे जातं, चावीचं बटण खाली करून कुशीवर ठेवलं तर 3 मागे पडतं. दिवसा पुढे गेलेलं मी रात्री असं परत मिळवते. आठवडाभर काटे हलवावे लागत नाहीत. चावी रोज एकाच वेळी द्या. एका चावीत ते 40 तासांवर चालतं, पण स्प्रिंग उतरत आली की बॅलन्सचा झोका कमी होतो आणि वेळ भरकटते.

मार्चमध्ये एक दिवस ते अचानक 4 मिनिटं पुढे गेलं. मला वाटलं, काहीतरी तुटलं. ऐरोलीची लोकल भरलेली असली की मी घड्याळ काढून पर्समध्ये टाकायचे, आणि पर्सच्या झाकणाला लोहचुंबकाचं बटण आहे! फोनमधलं होकायंत्र उघडून घड्याळ जवळ नेलं तर सुई हलली. चुंबकत्वाने हेअरस्प्रिंगचे (बॅलन्सच्या त्या केसाएवढ्या स्प्रिंगचे) वेढे एकमेकांना चिकटतात, स्प्रिंग जणू आखूड होते आणि घड्याळ पळतं. 600 रुपयांची चुंबकत्व काढायची डबी आणली, बटण दाबून घड्याळ हळूहळू लांब नेलं, आणि ते पूर्ववत झालं. जुन्या पद्धतीचं कोणतंही घड्याळ एकाएकी पळायला लागलं तर सर्व्हिसला देण्याआधी हे बघा.

पावसाळा ही या घड्याळाची सर्वांत कच्ची बाजू. ज्याने केस विकली त्याने 30 मीटर लिहिलं होतं. तो आकडा शिंतोडे सोसण्यापुरताच धरायचा असतो, आणि घरी जोडलेल्या घड्याळाची दाबाखाली तपासणीही झालेली नसते. शिवाय चावीचं बटण रोज फिरतं, त्यामुळे त्यातलं रबरी वायसर लवकर झिजतं. जुलैमध्ये एसीतून बाहेर आले आणि काचेला आतून धुकं धरलेलं दिसलं. त्याच रात्री मागचं झाकण उघडून सिलिका जेलच्या डब्यात दोन दिवस ठेवलं. गंज नव्हता. केस विकणाऱ्याला कळवलं, त्याने उत्तरच दिलं नाही. काकांकडून नवं वायसर घालून सिलिकॉन ग्रीस लावून घेतलं, तरी जून ते ऑगस्ट ते घालायचं नाही असं मी ठरवलंय. ज्यांना बारा महिने एकच घड्याळ हवं आहे त्यांनी हे घेऊ नये.

ॲक्रिलिकची काच मला आवडते. गाडीच्या दांड्याला घासून दोन ओरखडे पडले होते, पॉलिशच्या पेस्टने दहा मिनिटांत गेले. निळे काटे मात्र रंगवलेले निघाले. तापवून निळं केलेलं पोलाद एका कोनातून काळं आणि दुसऱ्यातून निळं दिसतं, माझे सगळीकडून सारखेच निळे.

या नादात जुनी घड्याळं जमवायचीही ओढ लागते, तेव्हा एक सांगते. जुन्या घड्याळांच्या बाजारात, इंटरनेटवरही, भडक रंगाच्या डायलची, चकचकीत पॉलिश केलेली एचएमटी आणि सेको स्वस्तात मिळतात. परदेशातले संग्राहक अशांना ‘मुंबई स्पेशल’ म्हणतात. डायल नव्याने रंगवलेली, केस एकाची, काटे दुसऱ्याचे, कडा पॉलिशने गोल झालेल्या. आपल्या मुंबईचं नाव अशा गोष्टीला लागावं याचं मला वाईट वाटतं, कारण याच शहरातल्या घड्याळजींनी कित्येक जुनी मशीनं जिवंत ठेवली आहेत. घेताना अक्षरं भिंगाखाली बघा, छपाईच्या कडा पसरट असतील तर सोडून द्या. डाग पडलेली मूळ डायल त्याहून कितीतरी मोलाची. मी त्यापेक्षा ओळखीच्या घरातली कपाटं विचारते. सासरच्या एका मामांकडून असंच बंद पडलेलं जनता मिळालं, काकांनी सर्व्हिस करून चालू केलं.

माझ्या घड्याळालाही चार-पाच वर्षांनी तेलपाणी लागेल, आणि ते मला स्वतः करायचं आहे. काकांनी सरावाला एक बंद मशीन दिलंय. रविवारी दुपारी ते उघडते. बॅलन्स काढून पुन्हा बसवणं आता जमतं. पॅलेट फोर्क (चाकांची ताकद ठोक्याठोक्याने बॅलन्सला देणारी छोटी तरफ) अजून दर वेळी तिरका बसतो, पुढचे काही रविवार त्याचे.