भगोरिया आणि गेर एकाच सहलीत? सायकल टूरच्या फसवणुकीचा अनुभव

इंदूर–महेश्वर–मांडू–इंदूर, 16 ते 19 मार्च 2025. व्हॉट्सअ‍ॅपवरच्या पत्रकात होतं: पळसाच्या फुलोऱ्यातून सायकल, महेश्वरचा घाट, तिसऱ्या दिवशी भगोरिया (आदिवासींचा होळीचा मेळा), चौथ्या दिवशी इंदूरच्या राजवाड्यावर गेर (रंग उधळत निघणारी मिरवणूक). माणशी 11,800 रुपये, आम्ही एकूण नऊ जण. बुकिंग पुण्याच्या सहा जणांनी परस्पर केलं आणि 60 टक्के आगाऊ भरले. इंदूरच्या तिघांनी पत्रक नीट वाचलं ते पैसे गेल्यावर. खरं तर सगळी लबाडी त्या एका पानातच दिसत होती.

आधी तारखा बघा. भगोरिया होळीच्या आधीच्या आठवड्यात भरतो, झाबुआ, अलीराजपूर, धार, बडवानी, खरगोन या पट्ट्यात. तोही एका जागी सात दिवस नसतो. ज्या गावाचा आठवडी बाजार ज्या वारी, त्या गावाचा भगोरिया त्याच वारी. 2025 मध्ये होळी पेटली 13 मार्चला, म्हणजे भगोरिया 7 ते 13. गेर निघते रंगपंचमीला, ती होती 19 मार्चला. एक होळीच्या आधी, दुसरी होळीनंतर पाचव्या दिवशी. सलग चार दिवसांत दोन्ही कुठल्याच वर्षी बसत नाहीत.

पुण्याच्या एकाने फोनवर आयोजकाकडे ही शंका काढलीही होती. उत्तर मिळालं, "आमच्या पंचांगात महिना वेगळा असतो, भगोरिया उशिरा येतो." यातलं अर्धं खरं, म्हणूनच ते पचलं. मराठी कॅलेंडरात रंगपंचमी फाल्गुन वद्य पंचमीला असते आणि इंदुरातल्या हिंदी पंचांगात चैत्र कृष्ण पंचमीला. पण बदलतं ते महिन्याचं नाव, दिवस तोच राहतो. होळीची पौर्णिमा तर दोन्हीकडे फाल्गुनातलीच.

मग तिसऱ्या दिवशी दाखवलं काय? मांडूच्या अलीकडे एका ढाब्यामागे चार पोरं, एक मांदल (आदिवासींचा मोठा ढोल), दोन बासऱ्या. मांदलवाल्याला विचारलं तर तो सरळ म्हणाला, "भगोरिया तो होली से पहले निपट गया साब, हम तो मजूरी पे आए हैं." ठरलेली मजुरी त्यालाही निम्मीच मिळाली होती.

पत्रकावरचा फोटोही पळसाचा नव्हता. बारीक, पिसासारखी हिरवी पानं आणि वर लाल फुलं, म्हणजे गुलमोहर, तो उन्हाळ्यात फुलतो. पळस बहरतो तेव्हा झाडावर पान जवळजवळ नसतं. फूल केशरी, पोपटाच्या चोचीसारखं वाकलेलं, खाली काळपट मखमली वाटी. खरा पळस महेश्वरच्या वाटेवर जामगेटच्या उताराला भरपूर होता, त्याचे पैसे कुणाला द्यावे लागत नाहीत. जेवणाच्या यादीत गराडू (तळलेला कंद) होता, तो थंडीतला माल. मार्चमध्ये या भागात खायचे तर दाल-पानिये: मक्याच्या पिठाचे, खाखऱ्याच्या म्हणजे पळसाच्याच पानांत दाबून गोवऱ्यांवर भाजलेले. यादीत तेच नव्हते.

सायकली मात्र जिवावर बेतल्या असत्या. ठरल्या होत्या 21 गिअरच्या, डिस्क ब्रेकच्या. आल्या त्यांपैकी चार रिम ब्रेकच्या, आणि पॅडवरच्या खाचा पार झिजून सपाट. जामगेटपासून मंडलेश्वरकडे रस्ता विंध्याच्या कड्यावरून वळणावळणाने खाली उतरतो, तिथे असा ब्रेक धरत नाही. ती चार जणं जामगेटवरून सायकल हातात धरून चालत उतरली.

चेन तपासायला 12 इंची पट्टी पुरते. शून्याची खूण एका पिनेच्या मध्यावर ठेवायची, तिच्यापुढची चोविसावी पिन बरोबर 12 इंचांवर यायला हवी. 1/16 इंच पुढे सरकली असेल तर चेन बदलायची वेळ झाली, 1/8 सरकली तर मागचे दातेही गेले समजा. आमच्यातल्या तिघांची 1/8 होती. पिना झिजून चेन लांबते, दात्याच्या टोकावर चढून बसते आणि चढावर जोर लावला की सटकते.

डिपॉझिटचा डाव याहून जुना. दर सायकलीमागे 3,000 घेतले आणि परत करताना तिघांचे प्रत्येकी 2,000 कापले, कारण "हँगर वाकवला". मागचा डिरेलर (गिअर बदलताना चेन सरकवणारा भाग) फ्रेमला ज्या अ‍ॅल्युमिनियमच्या तुकड्यावर लटकतो तो हँगर. आपटल्यावर फ्रेमऐवजी तो वाकावा म्हणूनच मऊ केलेला असतो, आणि काहीशे रुपयांत नवा मिळतो. सायकल ताब्यात घेतानाच मागून बघावं: डिरेलरची दोन्ही छोटी चाकं वरच्या दात्याखाली एका ओळंब्यात हवीत. आमच्या सायकलींचे हँगर पहिल्या सकाळच्याच एका फोटोत वाकडे दिसतात, पण फ्रेम नंबर (पॅडलच्या मधल्या नळीखाली कोरलेला असतो) त्या फोटोत नसल्याने ती हीच सायकल हे सिद्ध होईना. दोन्ही एकाच व्हिडिओत घ्या.

महेश्वरला "घाटासमोरची खोली" घाटापासून चार किलोमीटरवर निघाली. तेही सोसलं.

गेरसाठी "सायकलसह सहभाग" असं छापलं होतं, यावर इंदूरचं शेंबडं पोरही हसेल. त्या दिवशी राजवाड्याच्या रस्त्यांवर पाय ठेवायला जागा नसते, वरून टँकरने रंग उडतो. गच्चीवरच्या जागेसाठी वेगळे 900 घेतले होते. त्या घरमालकांना आमचं नावच ठाऊक नव्हतं.

भांडण झाल्यावर आयोजकाने "निम्मे परत करतो" म्हणून क्यूआर कोड पाठवला. एका काकूंनी तो स्कॅन करून पिन टाकला आणि आणखी 9,000 गेले. यूपीआयवर पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही. असं झालं तर लगेच 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा, जितका उशीर तितकी रक्कम पुढे सरकते. टूरमधल्या फसवणुकीसाठी ग्राहक हेल्पलाइन 1915 आहे. जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यातही करता येते, म्हणजे पुणेकरांना इंदूरला खेटे घालावे लागत नाहीत. मुदत दोन वर्षं, आणि भरलेली रक्कम 5 लाखांपर्यंत असेल तर फी नाही. पत्रक, पावत्या, चॅट लगेच वेगळं जपून ठेवा. आमच्या ग्रुपमधून आयोजकाने दुसऱ्याच दिवशी आपले मेसेज उडवले.

2026 चं पत्रकही आलं. फोटो तोच गुलमोहराचा. भगोरिया 6 मार्चला छापलाय, होळी पेटून गेल्यावर.