निसर्ग वादळाच्या मदतीत आम्हाला कसं लुबाडलं

मे-जून आला की अरबी समुद्रात काही ना काही शिजायला लागतं. २०२० ला निसर्ग आलं, २०२१ ला तौक्ते, २०२३ ला बिपरजॉय. कोकण आमच्यापासून एक घाट उतरला की सुरू होतं. निपाणी, खानापूर, बेळगाव भागातल्या बऱ्याच घरांची सोयरीक तिकडची आहे. त्यामुळे तिकडे वादळ झालं की आमच्याकडून गाड्या निघतात, आणि निघायलाच हव्यात. पण गाडी भरायच्या गडबडीत मध्ये शिरून पैसे उकळणारी माणसंही त्याच दिवसांत जागी होतात. ती कशी बोलतात, काय दाखवतात आणि पैसे कोणत्या टप्प्यावर मागतात हे आमच्यावर गुदरलं तसं सांगते. पुढच्या वेळी गाडी काढणाऱ्या एखाद्या मंडळाचे पैसे वाचले तरी पुष्कळ झालं.

निसर्ग ३ जून २०२० ला दुपारी श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूला किनाऱ्यावर धडकलं. रायगडसोबत रत्नागिरी जिल्ह्यातले मंडणगड आणि दापोली तालुकेही त्याने झोडपले. माझ्या जाऊबाईंचं माहेर आंजर्ल्याकडचं. घराची कौलं उडाली, सुपारीची वाडी आडवी झाली, एवढं कुणाकडून तरी कळलं आणि मग फोनच लागेना. विजेचे खांब पडलेले, मोबाईलचे टॉवर बंद. जाऊबाई दिवसभर फोन हातात धरून बसायच्या.

निपाणीतल्या आमच्या गल्लीला पुराची मदत म्हणजे काय ते ठाऊक होतं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये वेदगंगा, दूधगंगा फुगल्या, यमगर्णीजवळ हायवेवर पाणी आलं, तेव्हा कुठकुठल्या गावांहून चटया, भाकऱ्या, औषधं आली होती. त्यामुळे कोकणात मदत पाठवायची म्हटल्यावर कुणी नाही म्हणालं नाही. गणपतीसाठी साठवलेली वर्गणी होती, कोरोनामुळे त्या वर्षी उत्सव साधाच होणार हे दिसतच होतं. मंडळाने ती रक्कम काढली, बायकांच्या भिशीतून भर पडली. पाऊस तोंडावर होता, म्हणून पहिली गरज ताडपत्रीची. मग पत्रे ठोकायचे जे-हूक, मेणबत्त्या, तांदूळ, डाळ.

अडचण जायची होती. तेव्हा महाराष्ट्रातून कर्नाटकात परतणाऱ्याला सात दिवस सरकारी विलगीकरणात राहावं लागायचं. गाडीसोबत कुणी गेलं तर परत आल्यावर त्याचा आठवडा तिथेच जाणार. म्हणजे माल डोळ्यांसमोर उतरवून घ्यायला आम्ही जाऊ शकत नव्हतो, समोरच्या गावाला फोन लागत नव्हता, आणि पाऊस थांबणार नव्हता. ही तिन्ही कुलपं आम्हाला लुबाडणाऱ्या माणसाने बरोबर हेरली.

मदत गोळा करतोय असा निरोप आम्ही व्हॉट्सॲपवर टाकला होता, खाली भाऊजींचा नंबर होता. तो निरोप फिरत फिरत कुठे गेला देव जाणे. एके सकाळी भाऊजींना फोन आला. स्वच्छ मराठी, बोलणं अदबीचं. "मी वादळग्रस्तांच्या मदतीचं समन्वयाचं काम बघतो, दादा. तुमच्याकडून माल निघतोय असं कळलं." केळशी, आंजर्ले, हर्णै, मुर्डी अशी गावांची नावं त्याला तोंडपाठ. आंजर्ल्याला अमुक इतकी घरं उघडी पडलीत, तिथे अजून एकही गाडी पोचली नाही, असं तो म्हणाला आणि जाऊबाई रडायलाच लागल्या. माहेरची खबर आणणारा तो पहिला माणूस होता. ती खबर खरी की खोटी हे तपासायला काहीच साधन नव्हतं, आणि नेमकं त्याच जोरावर तो बोलत होता.

त्याने तीन गोष्टी देऊ केल्या. एक, कोल्हापूरकडून निपाणीला रिकामी येणारी रिटर्न गाडी. भाडं नको, डिझेलचे पैसे तेवढे द्या. दुसरी, 'मदत वाहन पास', गाडीमागे साडेतीन हजार, नाहीतर नाक्यावर गाडी सोडत नाहीत म्हणे. तिसरी, कारखान्याच्या भावात ताडपत्री, १८ बाय २४ फुटी, २०० जीएसएम (हे वजनाचं माप, पुढे सांगते), बाजारापेक्षा नगामागे पाचशे रुपयांनी स्वस्त. पासचा नमुना म्हणून त्याने एक पत्र पाठवलं. वर अशोकस्तंभ, खाली गोल शिक्का, सही. पुढे पोलिसांनी ते पत्र पाहिलं तेव्हा पहिल्या नजरेत सांगितलं, याला जावक क्रमांक नाही, कार्यालयाचा पत्ता नाही, फोन नाही. सरकारी पत्र जावक क्रमांकाशिवाय निघत नाही, हे लक्षात ठेवा.

ताडपत्रीचे निम्मे पैसे आगाऊ गेले. मग ट्रान्सपोर्टच्या बिल्टीचा, म्हणजे माल पाठवल्याच्या पावतीचा, फोटो आला, "माल निघाला, आता उरलेले टाका." तेही गेले. यूपीआयवर जे नाव दिसत होतं ते त्याचं नव्हतं. विचारलं तर म्हणाला, पुरवठादाराचं खातं आहे. गठ्ठे खरोखरच आले, त्यामुळे सगळ्यांना हायसं वाटलं. ते भाऊजींच्या ओळखीच्या तंबाखूच्या वखारीत उतरवले. वरचा एक गठ्ठा थोडा उसवून पाहिला, ताडपत्री जाड, चांगली. लगेच पास आणि डिझेलचेही पैसे गेले.

गाडीचा ड्रायव्हर म्हणून एकाचा फोन आला. भाऊजींनी सहज विचारलं, कुठल्या वाटेने नेणार? तो म्हणाला, आंबोलीतून उतरून दापोली. निपाणीहून दापोलीला जाणारा ड्रायव्हर आंबोली कशाला धरेल? आंबोली उतरली की सावंतवाडी येते. दापोलीला जायचं तर कोल्हापूर, कऱ्हाड, मग पाटणवरून कुंभार्ली घाट उतरून चिपळूण, आणि तिथून खेड. भाऊजींच्या मनात तिथे पाल चुकचुकली. ज्याने ती वाट तुडवली आहे तो घाटाचं नाव चुकत नाही. गाडी ठरवताना हा प्रश्न पैसे द्यायच्या आधी विचारा, आणि स्वतःला वाट ठाऊक नसेल तर ट्रकवाल्यांपैकी कुणाला तरी शेजारी बसवून विचारा.

दुसऱ्या दिवशी तोच ड्रायव्हर रडकुंडीला येऊन म्हणाला, "कोगनोळी नाक्यावर पोलिसांनी अडवलंय, पास कालचा झालाय म्हणतात, आणखी पाच हजार टाका, नाहीतर गाडी जप्त करतील." कोगनोळीचा हा सीमेवरचा नाका आमच्यापासून हाकेच्या अंतरावर. पैसे टाकायच्या ऐवजी भाऊजींनी गाडीला किक मारली आणि थेट नाका गाठला. ट्रकांची रांग होती, त्यात सांगितलेल्या नंबरचा ट्रक नव्हता. बंदोबस्ताला असलेल्या हवालदारांना विचारलं. ते अर्धं कन्नड, अर्धं मराठी बोलत होते. "मालाच्या गाडीला पास बेकागिल्ल (लागत नाही). ड्रायव्हरचं लायसन पाहिजे, बस्स. रिकामी असली तरी सोडतो."

आणि ते खरंच होतं. केंद्राच्या गृहखात्याने एप्रिल २०२० मध्येच आदेश काढला होता की मालवाहू गाडीला, दोन ड्रायव्हर आणि एक मदतनीस धरून, वेगळ्या पासची गरज नाही; माल भरायला जाणारी किंवा उतरवून परतणारी रिकामी गाडीही त्यात आली. पास लागत होता तो माणसांना. म्हणजे ज्याची गरजच नव्हती ते आम्हाला विकलं गेलं. भाऊजींनी तिथेच उभं राहून एम-परिवहन ॲपवर तो नंबर टाकला. तो एका दुचाकीचा निघाला.

परत आल्यावर सगळे वखारीत गेले आणि गठ्ठे पुरते फोडले. वखारीत हमाली करणारे एक मामा आहेत, त्यांचा जन्म वजनं उचलण्यात गेला. त्यांनी आतली एक ताडपत्री उचलली, दुसरी उचलली, म्हणाले, "वहिनी, ही वरच्यासारखी नाही. काट्यावर टाका." मग एकेक काट्यावर चढवली.

हा हिशोब मुद्दाम नीट सांगते, कारण तो कुणालाही दुकानात उभ्या उभ्या करता येतो. जीएसएम म्हणजे एका चौरस मीटरचं वजन, ग्रॅममध्ये. १८ बाय २४ फूट म्हणजे ४३२ चौरस फूट, म्हणजे साधारण ४० चौरस मीटर. २०० जीएसएमची असेल तर ४० गुणिले २००, आठ किलोच्या आसपास भरायलाच पाहिजे. वरची, नमुन्याला ठेवलेली, पावणेआठ किलो भरली. आतल्या तीन-तीन किलो. टेप लावला तर १६ बाय २२. फोन केला तर पुरवठादार म्हणाला, "ती कट साईज असते, कडा दुमडल्यावर कमी होतं." कडा दुमडल्यावर माप थोडं घटतं हे खरं, पण ते इंचात मोजायचं असतं, दोन्ही बाजूंनी दोन-दोन फूट कसं घटेल? छापील शिक्का मात्र प्रत्येकीवर '१८ बाय २४, २०० जीएसएम' असाच. उन्हासमोर धरली तर पलीकडे उभ्या माणसाची सावली दिसत होती. असली ताडपत्री कोकणातल्या पहिल्या सरीत, वाऱ्याने एका रात्रीत चिंध्या झाली असती. पैसे गेल्याचं दुःख आहेच, पण एखादं घर छप्पर झालं म्हणून निश्चिंत झोपलं असतं आणि मध्यरात्री उघडं पडलं असतं, हे मला आजही सहन होत नाही. पैसे चोरण्यापेक्षा हे कितीतरी वाईट आहे.

त्या संध्याकाळपासून त्या माणसाचा फोन बंद.

सगळं मिळून ७४ हजार गेले. निपाणीच्या ठाण्यात गेलो, तिथून बेळगावच्या सायबर गुन्ह्यांच्या, सीईएन ठाण्याकडे पाठवलं. फिर्याद कन्नडमध्ये लिहिली जाते. आमच्यात चांगलं कन्नड वाचणारी माझी भाची, तिने सही करण्याआधी ओळन् ओळ वाचून दाखवली. त्यात रक्कम एका ठिकाणी चुकली होती, ती तिथल्या तिथे दुरुस्त करून मिळाली. सीमाभागातल्या आपल्या माणसांनी हे जरूर करावं. कन्नड वाचणारं कुणीतरी सोबत न्या आणि पोचपावती घेतल्याशिवाय उठू नका. आता १९३० हा क्रमांक आहे, पैसे गेल्याचं कळताक्षणी त्यावर फोन करा. पैसे चोराच्या खात्यातून पुढे सरकायच्या आत खबर गेली तर बँक ती रक्कम अडवून ठेवू शकते. आमच्या वेळी त्या खात्यात थोडी शिल्लक अडकली होती, ती बऱ्याच महिन्यांनी कोर्टाच्या आदेशाने मिळाली. बाकीची नाही.

मदत मात्र थांबवली नाही. गल्लीतल्या लोकांनी पुन्हा हात सैल सोडला, आणि याबद्दल मला माझ्या गल्लीचा फार अभिमान आहे. या वेळी ताडपत्री निपाणीतल्याच दुकानातून घेतली, प्रत्येक नग काट्यावर टाकून. दुकानदारालाही त्याचा राग आला नाही, उलट त्याने स्वतःचा टेप काढून दिला. गाडी चिकोडीच्या एका ओळखीच्या ड्रायव्हरची, आमच्यासमोर भरलेली, भाड्याचे निम्मे पैसे निघताना आणि निम्मे माल पोचल्यावर. दापोलीच्या तहसील कार्यालयात फोन लावत राहिलो, शेवटी लागला. कुठल्या गावाला काय कमी आहे ते तिथून कळलं. कपडे नकोत, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. पडलेली झाडं कापायला मशीन आणि छपराचं सामान हवं होतं. म्हणून तांदूळ कमी केले आणि झाडं कापायची दोन मशीन घेतली.

जाऊबाईंचा भाऊ टेकडीवर रेंज मिळते तिथपर्यंत चढून फोन करायचा. उतरवून घेणाऱ्यांच्या सह्यांची यादी त्याने ड्रायव्हरसोबत परत पाठवली. ती यादी, ताडपत्रीचं बिल आणि काट्याच्या वजनाची चिठ्ठी आम्ही मंडळाच्या वहीत डकवून ठेवली आहे, वर्गणी दिलेल्या कुणीही यावं आणि पाहावं. हलक्या ताडपत्र्यांपैकी एक पोलिसांनी पुरावा म्हणून ठेवून घेतली. बाकीच्या वखारीत पडून आहेत. त्या कुणाच्या छपरावर घालायला द्यायच्या नाहीत, असं मंडळाने ठरवलंय.