म्युनिसिंगची बोटफेरी: दुपारचीच घ्या

पिक्चर्ड रॉक्स म्हणजे अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात म्युनिसिंग गावाजवळचे रंगीत कडे. तिथं जाऊन बोटीत बसला नाहीत, तर निम्मं पाहायचं राहिलंच. लेक सुपीरियर सरोवराकाठच्या या कड्यांवरून पायवाट जाते, सुंदरही आहे, पण तिथं आपण रंगांच्या डोक्यावर उभे असतो. रंग दिसतात ते पाण्यावरूनच. वालुकाश्मातून भूजल पाझरतं आणि साठ मीटरपर्यंत उंच भिंतीवर खनिजं सोडत उतरतं: लोहाचा तांबडा-नारिंगी, तांब्याचा निळा-हिरवा, मँगनीजचा तपकिरी-काळा. पावसाळ्यात जुन्या वाड्याच्या भिंतीवर उतरतात तसे हे ओघळ सरळ उभे, आणि ओल असेल तिथं जास्त गडद.

फेरी साधारण अडीच तासांची. कड्यांचं तोंड बहुतांशी वायव्येला, त्यामुळे सकाळी ते स्वतःच्याच सावलीत असतात. म्हणून दुपारी उशिराची फेरी घ्या, पैसे तिथंच वसूल होतात. जाताना किनारा उजव्या हाताला येतो. बोट जाताना कड्याला लागून जाते की येताना, एवढं चढताना विचारा आणि मगच बाजू धरा. जुलैतही जाड जॅकेट हवंच. उत्तरेचा वारा सुटला की लाटा भिंतीवर आपटून उलट्या येतात, पाणी खवळतं आणि फेऱ्या रद्द होतात. हाताशी एक दिवस जादा ठेवा. शिकागोकडून येणाऱ्यांची हमखास चूक म्हणजे घड्याळ. म्युनिसिंग एक तास पुढे आहे, बोट तिथल्या वेळेनं सुटते.

समोरच्या ग्रँड आयलंडची फेरीबोट वेगळी, पॉवेल पॉइंटवरून सुटते. पाच-दहा मिनिटांत पलीकडे. बेटाला पूर्ण वळसा सुमारे ३७ किलोमीटरचा, तोही वाळू-मुळांतून. शेवटची बोट गाठायची तर एका दिवसात पायी जमत नाही. सायकल घ्या, किंवा सरळ ट्राउट बे या खाडीचा किनारा गाठा. बेटाचा पूर्वेकडचा भाग, ज्याला 'अंगठा' म्हणतात, पूर्वी वेगळं बेट होता. लाटांनी वाळूचा बांध घालून तो जोडला, आणि ट्राउट बेला त्याच वाळूवर आपण उभे राहतो. पाणी, खाणं सोबत न्या. उन्हाळ्यात घोट्याला चावणाऱ्या माश्या असतात, लांब पँट बरी.

कयाक, म्हणजे वल्ह्यानं चालवायची अरुंद होडी, करायचीच असेल तर वाटाड्यासोबत, आणि समुद्री बनावटीची लांब कयाक. मायनर्स बीच ते चॅपल बीच या साधारण आठ किलोमीटरांत बहुतेक ठिकाणी भिंत थेट पाण्यात उतरते. वारा फिरला तर कयाक काठाला लावायला जागा नाही.